काही सेकंदांची थरारक राइड आणि उंचावरून दिसणारे शहर : पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

उंच मनोऱ्यावरच्या थरारक राइडमधून उतरलेल्या माणसाला वर काय दिसले असे विचारले, तर बहुतेक वेळा वेगाचे, किंकाळ्यांचे आणि पोटात आलेल्या गोळ्याचे वर्णन ऐकायला मिळते. शहराचे वर्णन क्वचितच मिळते, कारण ज्या क्षणी ते सगळ्यात सुंदर दिसत होते, नेमक्या त्याच क्षणी डोळे घट्ट मिटलेले असतात. यात भित्रेपणा नाही. शरीराची ती स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. पण तिकीट वेगाबरोबर दृश्यासाठीही काढले असेल, तर थोड्या पूर्वतयारीने डोळे उघडे ठेवणे जमते, आणि पुढच्या सगळ्या सूचना मुख्यतः त्यासाठीच आहेत.

सगळ्या थरारक राइड शहर सारखेच दाखवत नाहीत, म्हणून आधी प्रकार समजून घ्यावा. स्लिंगशॉटमध्ये दोन उंच खांबांच्या मध्ये ठेवलेल्या कॅप्सूलला ताणलेल्या लवचीक दोरांच्या किंवा स्प्रिंग आणि पोलादी तारांच्या जोरावर जमिनीवरून थेट आकाशात भिरकावले जाते. सिंगापूरच्या क्लार्क की परिसरातील अशी राइड सुमारे ७० मीटर उंच जाते. या प्रकारात सगळ्यात मोठा दाब सुरुवातीच्या एक-दोन सेकंदांतच बसतो, शहर एकदम समोर येते आणि वर पोचल्यावर कॅप्सूल बहुधा कोलांट्या खाते, त्यामुळे त्याच इमारती एकदा पायांखाली आणि एकदा डोक्यावर दिसतात. ड्रॉप टॉवरचा क्रम याच्या उलट असतो. मनोऱ्याभोवतीची आसने सावकाश वर चढतात, माथ्यावर काही क्षण थांबतात आणि मग सोडून दिली जातात. पडण्याचा हिशेब सोपा आहे : पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटर, दोन सेकंदांत २० मीटर आणि तीन सेकंदांत ४४ मीटर, आणि तोवर वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. एवढ्या वेगात काही निरखून पाहणे शक्य नसते. जे पाहायचे ते चढताना आणि माथ्यावर.

तिसरा प्रकार आधीच उंच असलेल्या मनोऱ्याच्या शिखरावर बसवलेल्या राइडचा. लास वेगासमधील स्ट्रॅट हा १९९६ मध्ये खुला झालेला मनोरा सुमारे ३५० मीटर उंच आहे आणि त्याच्या माथ्यावरची बिग शॉट ही राइड बसलेल्यांना सुमारे २८१ मीटर उंचीवरून ३२९ मीटरपर्यंत ताशी ७२ किलोमीटरच्या आसपास वेगाने वर फेकते. इथे शहर आधीपासूनच समोर पसरलेले असते, फक्त त्याच्याकडे पाहण्याची जागा एकाएकी बदलते. याच जातीतल्या उड्याही आहेत. ऑकलंडच्या ३२८ मीटर उंच स्काय टॉवरवरून १९२ मीटरची उडी तारेच्या नियंत्रणात, ताशी सुमारे ८५ किलोमीटर वेगाने मारता येते. मकाऊ टॉवरवरून २३३ मीटर उंचीवरून बंजी, म्हणजे पायांना लवचीक दोर बांधून, उडी मारतात. बंजीत डोके खाली असते आणि दोर ताणला गेल्यावर रक्ताचा दाब चेहऱ्याकडे व डोळ्यांकडे वाढतो, म्हणून शहर पाहण्यासाठी मी बंजीची शिफारस करणार नाही. तो अनुभव वेगळ्या कारणासाठी घ्यावा. दुबई मरिनात इमारतींच्या मधून जाणारी सुमारे एक किलोमीटर लांबीची झिपलाइन, म्हणजे लटकून घसरत जायची तार, आहे, आणि दृश्य जास्त वेळ हवे असणाऱ्यांनी हा पर्यायही लक्षात ठेवावा.

पहिल्यांदाच बसणार असाल तर माझ्या मते ड्रॉप टॉवर निवडावा. चढण्याचा संथ काळ मनाला उंचीची सवय लावतो आणि दृश्यही त्याच काळात निवांत मिळते. भीतीचा बराचसा भाग 'हे खाली थांबेल ना' या एका प्रश्नात असतो, त्याचे उत्तरही जाणून घेण्यासारखे आहे. अनेक आधुनिक ड्रॉप टॉवरमध्ये खालच्या टप्प्यातला ब्रेक चुंबकांचा असतो. ताकदवान कायमचुंबक आणि तांब्यासारख्या धातूच्या पट्ट्या एकमेकांजवळून वेगाने सरकतात तेव्हा पट्ट्यांत विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो प्रवाहच गतीला विरोध करतो. वेग जितका जास्त तितका विरोध मोठा, आणि त्यासाठी बाहेरून वीज पुरवावी लागत नाही, त्यामुळे वीज गेली तरी हा ब्रेक काम करतो.

वेळ निवडण्यात जरा चोखंदळ असावे. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून पूर्ण अंधार पडेपर्यंतचा काळ उत्तम, कारण तिरप्या उन्हात इमारतींच्या कडा उठून दिसतात आणि सूर्य मावळल्यावर आकाशात थोडा निळा उजेड शिल्लक असतानाच खिडक्यांतले दिवे लागतात. पूर्ण काळोखात दिवे दिसतात, इमारतींचे आकार मात्र हरवतात. भर दुपारी धुरकटपणामुळे लांबचे काही स्पष्ट दिसत नाही. उलट पाऊस पडून गेल्यावर हवा धुतली जाते आणि त्या संध्याकाळी फार दूरवरचे दिसते. ही वेळ गर्दीचीही असते, म्हणून रांगेत किती वेळ जाईल याचा अंदाज घेऊन लवकर पोचावे. जोराचा वारा किंवा विजांचा कडकडाट असेल तर राइड बंद ठेवतात. त्यावर कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू नये आणि तिकीट काढण्यापूर्वीच अशा वेळी पैसे परत मिळतात की दुसरी वेळ मिळते, हे विचारून ठेवावे.

आसन कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे फार थोडे लोक विचारतात, आणि माझ्या दृष्टीने वेळेखालोखाल महत्त्वाची बाब तीच आहे. मनोऱ्याच्या चारही बाजूंना आसने असतात तिथे एका बाजूला इमारतींची दाट रांग आणि दुसऱ्या बाजूला नुसता मोकळा परिसर असू शकतो. स्ट्रॅटचेच पाहा : प्रसिद्ध हॉटेलांचा रस्ता मनोऱ्याच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे उत्तरेकडे तोंड करून बसणाऱ्याला तो झगमगाट दिसत नाही. त्या मनोऱ्यावर किंवा जवळपास प्रेक्षकगॅलरी असेल तर आधी तिथे जाऊन नदी, पूल, सगळ्यात उंच इमारत अशा तीन-चार ओळखीच्या खुणा ठरवून घ्याव्यात. दोन सेकंदांत अनोळखी शहर मेंदूला नीट टिपता येत नाही, पण आधी पाहिलेली खूण तो चटकन शोधतो. नंतर रांगेत असताना हव्या त्या बाजूची विनंती नम्रपणे करावी. एक फेरी थांबायची तयारी असेल तर ती बहुधा मान्य होते.

आता शरीराविषयी. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, अपस्मार, मान किंवा पाठीचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि गर्भावस्था यांपैकी काहीही असेल तर बसू नये. डोळ्यांच्या पडद्याचा त्रास झालेल्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावे. मद्य घेऊन जाऊ नये. पोट अगदी रिकामे ठेवल्यास चक्कर येण्याची शक्यता वाढते आणि भरपेट जेवल्यास मळमळते, म्हणून दोन तास आधी हलके खाऊन पुरेसे पाणी प्यावे. सोबतच्या मुलाला किंवा मित्राला बसायचे नसेल तर त्याला आग्रह करू नये. घाबरलेल्या माणसाला ओढत नेऊन आनंद मिळत नाही.

उंची, वजन आणि शरीराच्या आकारमानाच्या मर्यादा प्रवेशद्वारावर लिहिलेल्या असतात आणि त्या शब्दशः पाळाव्यात, इकडेतिकडे चालते असे समजू नये. २०२२ मध्ये अमेरिकेतील ऑर्लँडो शहरात सुमारे १३१ मीटर उंचीच्या ड्रॉप टॉवरवरून एक किशोरवयीन मुलगा आसनातून निसटून मृत्युमुखी पडला. त्याच्या आसनाचा सेन्सर हाताने बदलून ठेवलेला असल्यामुळे आसन आणि हार्नेस (शरीर आसनात जखडून ठेवणारा दांडा) यांच्यात नेहमीपेक्षा मोठी फट राहिली असतानाही यंत्रणेने राइड सुरू होऊ दिली, असे तपासात आढळले. म्हणून हार्नेस खाली आल्यावर तो शरीराला नीट टेकतो आहे ना, हे स्वतः पाहावे. कमरेचा पट्टा पोटाच्या मऊ भागावर न राहता खाली ओटीपोटाच्या हाडांवर बसलेला असावा, बकल लागल्याचा खटका ऐकू यावा, आणि खांद्यावरचा दांडा दोन्ही हातांनी वर ढकलून पाहिल्यास तो हलता कामा नये. कर्मचारी प्रत्येक आसनाचे कुलूप ओढून पाहतो. तुमचे आसन पाहायचे राहिले किंवा फट मोठी वाटली, तर हात वर करून स्पष्ट आवाजात सांगावे. रांगेतले लोक काय म्हणतील याचा त्या वेळी विचारही करू नये. कर्मचाऱ्याने उडवाउडवी केली तर उतरून यावे. बंजीत वजन करून तो आकडा हातावर लिहितात आणि त्यानुसार दोर निवडतात. तिथे वजन सांगताना संकोचाने एक किलोही कमी करू नये.

चष्म्याचा विचार आधी न केल्यास सगळी तयारी वाया जाते. बऱ्याच ठिकाणी चष्मा काढून ठेवायला सांगतात, आणि लांबचे कमी दिसणाऱ्या माणसाला वर गेल्यावर रंगांच्या पुसट ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. डोक्यामागून जाणारा घट्ट पट्टा लावून चष्मा चालतो का, हे आधी विचारावे. नसेल चालत तर कॉन्टॅक्ट लेन्सचा पर्याय आहे, मात्र वाऱ्याने डोळे कोरडे पडतात म्हणून सुटण्याच्या अगदी आधी दोन-तीनदा डोळ्यांची उघडझाप करावी. लांब केस बांधून ठेवावेत, नाहीतर वर फेकले जाताना ते नेमके तोंडावर येतात. ओढणी, सैल चपला, खिशातली नाणी, किल्ल्या आणि मोबाइल खालच्या लॉकरमध्ये ठेवावेत. शंभर मीटरवरून निसटलेला मोबाइल खालच्या माणसाचा जीव घेऊ शकतो.

सुटण्याआधीचे अर्धे मिनिट सगळ्यात अवघड असते. भीतीच्या वेळी शरीरात स्रवणारे अ‍ॅड्रेनालिन रक्तात मिसळू लागलेले असते, छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो आणि श्वास उथळ होतो. नाकाने सावकाश श्वास घेऊन त्याहून जास्त वेळ तोंडाने सोडत राहिल्यास धडधड थोडी आटोक्यात येते. डोके मागच्या उशीला पूर्ण टेकवावे, हनुवटी सरळ ठेवावी, कारण खाली वाकून पाहत असतानाच झटका बसला तर मानेला इजा होऊ शकते. वर फेकणाऱ्या राइडमध्ये रक्त पायांकडे ढकलले जाते आणि डोळ्यांसमोर क्षणभर करडेपणा येऊ शकतो. त्या वेळी मांड्या आणि पोटाचे स्नायू आवळून धरल्यास रक्त डोक्याकडे टिकून राहायला मदत होते. ओरडावेसे वाटले तर मोकळेपणाने ओरडावे, श्वास मात्र रोखून धरू नये.

नजर कुठे ठेवायची, हे बसण्याआधीच ठरवावे. खाली जमिनीकडे पाहिल्यास भीती वाढते, आणि आपल्याच पायांकडे पाहिल्यास गती आणि दृश्य यांचा मेळ न बसून मळमळू लागते. म्हणून समोर, क्षितिजावर, आधी ठरवलेल्या सगळ्यात लांबच्या खुणेवर नजर रोवावी. वर फेकली गेलेली वस्तू माथ्याजवळ संथ होत जाते. शेवटचे ५ मीटर चढायला तिला साधारण एक सेकंद लागतो आणि तेच ५ मीटर उतरायला आणखी एक. हे दोन सेकंद शरीराला वजन जाणवत नाही, हार्नेसखाली खांदे किंचित वर उचलले जातात, वाऱ्याचा आवाज एकदम ओसरतो आणि क्षितिजावरची इमारतींची सगळी रांग जवळजवळ स्थिर उभी राहते. हलके वाटू लागले की हीच पाहण्याची वेळ आहे, असे मनाला आधीच सांगून ठेवले, तर डोळे मिटण्याच्या ऊर्मीवर मात करता येते. डोळे मिटलेच तर पुढच्या उसळीला पुन्हा प्रयत्न करावा, कारण स्लिंगशॉटमध्ये आणि बिग शॉटसारख्या राइडमध्ये एकाहून अधिक वेळा वरखाली होते, आणि दुसरी उसळी ठेंगणी असली तरी पाहण्यासाठी पहिलीपेक्षा सोयीची असते. मध्येच राइड थांबली तर हार्नेसला हात लावू नये. शांत बसून कर्मचाऱ्यांच्या सूचनेची वाट पाहावी.

उतरल्यावर पाय लटपटतात आणि हात थरथरतात. हा अ‍ॅड्रेनालिनचाच परिणाम असून काही मिनिटांत ओसरतो, तोवर कठड्याला धरून चालावे, बसावे, पाणी प्यावे आणि लगेच गाडी चालवायला घेऊ नये. छातीत दुखणे, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे किंवा हातापायांना मुंग्या येणे यांपैकी काही जाणवले तर मात्र थेट डॉक्टरकडे जावे.

आत बसवलेल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ विकत घ्यायचा की नाही, हे आपापल्या हौसेवर आहे. त्यात तुमचा चेहरा दिसतो, शहर फारसे दिसत नाही, म्हणून शहराचे फोटो प्रेक्षकगॅलरीतूनच काढावेत. पुन्हा बसायचे असेल तर अंग पूर्ण स्थिरावल्यावर बसावे, आणि शक्य असल्यास विरुद्ध बाजूचे आसन मागावे किंवा पहिली फेरी उजेडात आणि दुसरी दिवे लागल्यावर घ्यावी. दुसऱ्या वेळी झटका कधी आणि किती बसतो हे शरीराला माहीत झालेले असते, त्यामुळे लक्ष शहराकडे देता येते.