शेवंतीची काडी कुजते कशानं? आधी पिशवीचा तळ बघा

रोहिणी नक्षत्र लागतं 25 मेच्या सुमारास, आणि तेव्हाच माझे फोन सुरू होतात. "भाऊ, शेवंतीच्या काड्या लावल्या होत्या, सगळ्या बुडातून काळ्या पडल्या. काय मारू?" काय मारायचं ते नंतर बघू. आधी सांगा, पिशवीच्या तळाला भोक आहे का? बहुतेक वेळा पलीकडं जरा शांतता पसरते.

मागच्या उन्हाळ्यात जिंतूर रस्त्यावरच्या एका गावी एका मावशींच्या ओसरीत गेलो होतो. लग्नात उरलेले प्लास्टिकचे ग्लास ओळीनं मांडलेले, प्रत्येकात शेतातली काळी माती आणि एकेक काडी. वरून बघावं तर हिरवंगार. एक काडी दोन बोटांत धरून हलकेच ओढली, तर सरळ हातात आली. बुडाची साल भिजवलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखी बोटावर सरकली, आतला गर चहाच्या रंगाचा, आणि वास नालीचा. ग्लासाचा तळ उचकून पाहिला तर दोन बोटं नुसता चिखल. मावशी म्हणाल्या, "रोज पाणी घातलं की ओ, एका दिवसाचा खाडा नाही केला." खाडा केला असता तर पाच-पन्नास काड्या तरी हाती लागल्या असत्या.

हसण्यासारखं काही नाही यात. मी स्वतः चारशे पिशव्या घालवल्यात. माझ्या पिशव्यांना भोकं होती, तयार पिशवीला असतात तशी बाजूला, तळापासून बोटभर वर. त्या मी सपाट अंगणात ताडपत्रीवर मांडल्या. रात्री वळीव आला, ताडपत्रीचं तळं झालं, आणि सकाळी मी दुसऱ्या कामाला निघून गेलो. आठ दिवसांत सगळ्या गेल्या. म्हणून आता पिशवीच्या तळाचे दोन्ही कोपरे कात्रीनं उडवतो आणि पिशव्या विटांवर किंवा मुरमावर ठेवतो.

होतं काय, ते समजून घ्या. ताज्या काडीला मुळं नसतात. दुपारी 42 अंशांत पान जेवढं पाणी हवेत सोडतं, तेवढं ओढून घ्यायला खाली काहीच नाही, म्हणून पान माना टाकतं. माणूस ते बघतो आणि तांब्याभर पाणी बुडात ओततो. पान तहानेलंच राहतं आणि बूड बुडतं. मुळं फुटायला बुडाशी हवा लागते. आपली काळी माती चिकणीची, भिजली की फुगते आणि हवेच्या सगळ्या वाटा बंद करते. कापसाला, तुरीला ती सोनं आहे, पण शेवंतीच्या काडीला दलदल. तेव्हा शेतातली माती पिशवीत भरू नका, "थोडी तरी मिसळतो" असंही नको.

भरायचं काय? वाळू आणि कोकोपीट निम्मे-निम्मे. नदीची वाळू मिळणं मुश्कील झालंय, बांधकामाची क्रश सँड चालते, पण घमेल्यात घेऊन तीन-चार पाण्यांनी धुवा. वरचं पाणी गढूळ येणं थांबेपर्यंत धुवायची, कारण तिच्यातली पूड सिमेंटसारखी बसते. कोकोपीटची वीट भिजवून एक-दोनदा पाणी बदला, त्यात मिठाचा अंश असतो. मिश्रण मुठीत घेऊन आवळा. दोन-चार थेंब गळाले तर ठीक, धार लागली तर वाळू वाढवा. कोकोपीट नसेल तर नुसत्या धुतलेल्या वाळूतही शेवंती फुटते, फक्त पाण्याकडं लक्ष जास्त ठेवावं लागतं. शेणखत, गांडूळखत, युरिया यातलं काहीही आत्ता नको. मुळंच नाहीत तर खाणार कोण?

भांडं कोणतंही चालेल. दुधाच्या पिशव्या, दह्याचे डबे, चहाचे कप. दाभण चुलीवर तापवून तळाला तीन-चार भोकं पाडायची, वरून पाणी ओतून बघायचं. पाच मोजेपर्यंत खालून थेंब आला नाही तर भोक अजून मोठं करा. माझी आवडती गोष्ट मात्र जुनी खापराची कुंडी. तिच्या कडेला चिकटून लावलेल्या काड्या मधल्यांपेक्षा दोन-चार दिवस आधी मुळं धरतात, हे मी कित्येकदा पाहिलंय. खापरातून हवा येत असावी. कोणत्या पुस्तकात हे वाचलेलं नाही, पण मी काड्या कडेलाच लावतो.

आता औषधाचं. काड्या काळ्या पडल्या की लोक मेलेली काडी खिशात घालून कृषी सेवा केंद्र गाठतात. तिथून एक बुरशीनाशक, एक ह्युमिक, एक "रूट बूस्टर" आणि एक रंगीत टॉनिक घेऊन येतात. पिशवीला भोक पाडायला दाभण पुरलं असतं. बुरशीनाशक म्हणून बहुतेकदा कार्बेन्डाझिम हातात पडतं. ते वाईट नाही, पण साचलेल्या पाण्यात काडी कुजवणारा मुख्य चोर पिथियम, आणि त्याच्यावर कार्बेन्डाझिम चालतच नाही. पिथियम हा पाण्यात पसरणारा, बुरशीसारखा दिसणारा सूक्ष्मजीव, खऱ्या अर्थानं बुरशीच नव्हे. त्याला मेटॅलॅक्झिल आणि मँकोझेबचं मिश्रण 1 लिटर पाण्यात 2 ग्रॅम, किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड 1 लिटरला 2.5 ग्रॅम, बुडाशी थोडंसंच घालायचं. तेही पाणी निघून जायची सोय केल्यावर. चिखलात औषध ओतणं म्हणजे चिखलात पाणीच वाढवणं. आणि कुजलेली काडी कशानंही परत येत नाही, उपटून लांब टाका.

मुळं फुटायचं संजीवक, म्हणजे आयबीए. शिफारशीत 1000 पीपीएम आणि त्याहून जास्तही सापडेल. भुकटी घेणार असाल तर 0.1 टक्क्याची पुडी म्हणजे 1000 पीपीएम. ते शुद्ध रूपात पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून घरी द्रावण करत बसू नका. खरं सांगायचं तर घरच्या शे-दोनशे काड्यांना त्याची गरज नाही. कोवळी शेवंती फार हट्टी नसते, नुसत्या वाळूत पंधरा-वीस दिवसांत मुळं टाकते. साडेतीनशेची बाटली घेऊन तिची मुदत कपाटात संपवण्यापेक्षा तेच पैसे शेडनेटला घाला. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स (उपयोगी जिवाणू-बुरशांचं मिश्रण) किंवा साधं ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला खाणारी मित्रबुरशी, मिळत असेल तर मात्र मिश्रणात जरूर मिसळा, ट्रायकोडर्मा किलोला 5 ग्रॅम. ते घातलं तर त्याच आठवड्यात रासायनिक बुरशीनाशक नको, नाहीतर एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्यानं जाळायचं.

काडी कुठून घ्यायची? जानेवारी-फेब्रुवारीत फुलं संपल्यावर ज्यांनी झाडं जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटली आणि उन्हाळाभर सावलीत जगवली, त्यांच्याकडं आता काश्याही, म्हणजे बुडातून फुटलेले मुळांसकट फुटवे, असतील आणि कोवळे शेंडेही. ज्यांनी झाडं तशीच वाळू दिली, त्यांनी शेजाऱ्याकडून चार काश्या मागाव्यात. बाजारातल्या गुच्छाचे दांडे लावू नका, कळी धरलेला दांडा फुलण्याच्या नादात असतो. झिपरी, राजा, रेवडी यापैकी जी तुमच्या भागात आधीपासून टिकलीय तीच घ्या.

शेंडा सकाळी सातच्या आत कापा. 7-8 सेंटिमीटर, पेराच्या लगेच खाली, धार असलेल्या ब्लेडनं. वाकवून बघा, गवारीच्या शेंगेसारखा कट्‌कन मोडला तर वय बरोबर. दोऱ्यासारखा लोंबला किंवा आत पांढरा भुसभुशीत गर दिसला तर तो जून, सोडून द्या. पानांमागं मावा, लाल कोळी किंवा तपकिरी ठिपके असतील तर ते झाडच सोडा, नाहीतर रोगाची लागवड तुम्ही स्वतःच कराल. खालची पानं काढा, वरची चार-पाच ठेवा. कापलेल्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळा, बादलीत बुडवून ठेवू नका. माझा एक अंदाज आहे: छाटल्यानंतर युरिया खाऊन गडद हिरव्या, फोफावलेल्या झाडाच्या काड्या जास्त कुजतात. साध्या, जरा फिक्या झाडाच्या टिकतात.

हवामानाकडं डोळा ठेवा, सगळ्यात जास्त पुढचे तीन आठवडे. दिवसा भट्टी आणि संध्याकाळी अचानक वळीव, हा मेळ काडीला सगळ्यात वाईट. ढग दाटले की पिशव्या आत घ्या. पन्हाळीखाली, माळवदाच्या कडेला किंवा अंगणाच्या सखल कोपऱ्यात तर मुळीच ठेवू नका, एका सरीत काम संपतं. विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो मोबाइलवर बघत जा. वरून पारदर्शक प्लास्टिक झाकायचं असेल तर फक्त पक्क्या सावलीत. उन्हात झाकलेली काडी शिजते, उकडलेल्या मेथीसारखी दिसते. त्यापेक्षा उत्तरेची ओसरी किंवा लिंबाची दाट सावली, भोवती ओलं गोणपाट, आणि दिवसातून चार-पाच वेळा पानांवर बारीक फवारा. पानांवर, बुडात नाही. बुडातलं मिश्रण बोटाला कोरडं लागलं तरच पाणी, तेही वाटीभर. बोअरचं पाणी जड असेल, भांड्याला पांढरे थर धरत असेल, तर फवाऱ्याला पावसाचं किंवा जारचं पाणी वापरा.

बाकीची कामं:
- काडी 2 सेंटिमीटर खोल, शेजारच्या काडीत दोन बोटं अंतर
- पंधराव्या दिवशी एक काडी हलकेच ओढून बघा, अडली तर मुळं आली
- मुळं आल्यावर आठवडाभर सकाळचं ऊन
- आर्द्रा लागल्यावर, 22 जूनच्या पुढं, कुंडीत किंवा गादीवाफ्यावर, 30 × 30 सेंटिमीटर
- तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडणे, शेवटची खुडणी 15 ऑगस्टच्या आत
- माव्यासाठी 5 टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी
- 35 अंशांपुढं गंधक फवारू नये, पानं करपतात

खुडणीची ती तारीख का? रात्र मोठी होऊ लागली की शेवंती कळी धरते. उशिरा खुडलं तर कळ्याच खुडल्या जातात. महालक्ष्म्यांना घरची शेवंती हवी म्हणून घाई करू नका, ती बहुतेक दसरा-दिवाळीचीच.

आणि कुंडीत लावल्यावर खाली ताटली ठेवायची हौस असते ना, फरशी खराब होऊ नये म्हणून? सप्टेंबरचा पाऊस दोन-दोन दिवस धरतो, तेव्हा ती ताटली पाण्यानं भरलेली असते आणि कळ्यांनी लदलेलं झाड वरून हिरवं, खालून सडलेलं. आत्ताच काढून ठेवा ती.