पुस्तकाचं मुखपृष्ठ करताना या चुका टाळा

मुखपृष्ठ फसलं की पहिला दोष चित्राला दिला जातो. मग चित्र बदला, रंग बदला, फॉन्ट बदला, अशी धावपळ सुरू होते. पण बहुतेक वेळा चूक त्याच्या कितीतरी आधी झालेली असते. हे पुस्तक कोण हातात घेणार आहे हे न ठरवताच त्यावर काय दिसावं हे ठरवलेलं असतं.

वाचक कोण, असं विचारलं की लेखकाकडून हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘सर्वांसाठीच आहे’. या उत्तरावरून एकही निर्णय घेता येत नाही. मधुमेहावरचं एक पुस्तक घ्या. ते नुकतंच निदान झालेल्या, घाबरलेल्या माणसासाठी असेल, तर मुखपृष्ठाने त्याला धीर द्यायला हवा. मोकळी जागा, शांत रंग, चष्म्याशिवाय वाचता येतील अशी अक्षरं. तेच पुस्तक वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी असेल, तर विषयाची व्याप्ती आणि कितवी आवृत्ती हे आधी दिसायला हवं. विषय एकच असला तरी मुखपृष्ठं दोन होतात. लहान मुलांच्या पुस्तकाला तर दोन वाचक एकाच वेळी असतात, हट्ट धरणारं मूल आणि पैसे देणारे पालक. मुलाला ओढून घेणारं पात्र समोर हवं, आणि पालकांना वयोगट शोधत मलपृष्ठ धुंडाळावं लागू नये.

म्हणून चित्राचा विचार करण्याआधी एक वाक्य कागदावर लिहा. ‘हे पुस्तक अमुक शोधणाऱ्या माणसासाठी आहे.’ त्याच माणसाच्या कपाटात आधीच असतील अशी पाच-सहा पुस्तकं निवडा आणि त्यांची मुखपृष्ठं पडद्यावर शेजारीशेजारी लावा. त्याची नजर कशाला सरावलेली आहे ते तिथे दिसतं.

हा सराव मोडण्याची हौस ही पुढची चूक. पेंग्विन प्रकाशनाने १९३५ मध्ये स्वस्त पुस्तकांची मालिका काढली तेव्हा कथा-कादंबऱ्यांना केशरी, रहस्यकथांना हिरवा आणि चरित्रांना गडद निळा रंग दिला. नाव वाचण्याआधीच वाचकाला प्रकार कळत असे. आज इतकी कडक शिस्त कुणी पाळत नाही, पण नजरेला असे संकेत अजूनही लागतात. गडद पार्श्वभूमीवरची ठसठशीत अक्षरं थरार सुचवतात, हाताने काढलेली नाजूक रेषा वेगळंच काही सुचवते. ललित लेखांच्या संग्रहाला रहस्यकथेचा पोशाख चढवला, तर रहस्य शोधणारा वाचक तो उचलतो आणि निराश होतो, आणि ज्याला तो खरंच आवडला असता तो पुढे निघून जातो. वेगळं काही जरूर करा, पण रंग, अक्षरं आणि चित्र यांतला एक तरी ओळखीचा संकेत शाबूत ठेवा.

मुखपृष्ठावर सगळी गोष्ट सांगून टाकणं हा नवोदितांच्या पुस्तकांत फार दिसणारा दोष आहे. नायक, नायिका, जुना वाडा, आगगाडी, वर मावळता सूर्य. लेखकाला यातलं प्रत्येक जवळचं असतं, आणि ते मी समजू शकतो. पण वाचकाने पुस्तक अजून वाचलेलं नाही. त्याच्यासाठी ही नुसती गर्दी आहे. एकच वस्तू किंवा एकच प्रसंग निवडा आणि नजर आधी कुठे जाणार, नंतर कुठे, हे ठरवा. शीर्षक आणि चित्र दोन्ही सारख्याच जोराने ओरडू लागली तर दोन्ही ऐकू येत नाहीत.

याची तपासणी सोपी आहे. मुखपृष्ठ अंगठ्याच्या नखाएवढं करून पाहा, कारण ऑनलाइन दुकानात ते तेवढंच दिसतं. मग ते कृष्णधवल करून पाहा. हिरव्यावर लाल अक्षरं रंगीत असताना उठून दिसल्यासारखी वाटतात, पण दोन्ही रंगांची उजळी सारखी असेल तर कृष्णधवलात ती एकाच करड्या रंगात विरून जातात. लाल-हिरवा फरक ज्यांना नीट दिसत नाही, त्यांनाही ती तशीच दिसतात.

आता शीर्षकाची अक्षरं. इथे मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगेन. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतात आणि अक्षराखाली उकार असतात. रोमन अक्षरांसाठी ठरलेलं ओळींमधलं अंतर तसंच ठेवलं, तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर आदळतो. हे अंतर आकड्याने ठरवू नका, प्रत्यक्ष शीर्षक डोळ्यांसमोर ठेवून ठरवा. रोमन शीर्षकात अक्षरं लांबलांब ठेवली की भारदस्त दिसतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. फार बारीक फॉन्टची शिरोरेषा लहान आकारात नाहीशी होते, हेही लक्षात असू द्या.

जोडाक्षरं फुटली, पाय मोडून सुटी पडली किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, तर फॉन्टला दोष देण्याआधी सॉफ्टवेअरची सेटिंग बघा. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा अक्षरजुळणीचा पर्याय निवडावा लागतो. युनिकोड ही आजची सामायिक अक्षरसंकेत पद्धत येण्याआधीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर थेट आणून चिकटवला तर त्याचंही कडबोळं होतं. छपाईला देण्याआधी अक्षरांचं आउटलाइनमध्ये, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या आकारांत, रूपांतर करा, आणि त्यानंतर या कामाशी संबंध नसलेल्या एखाद्याकडून शीर्षक, लेखकाचं नाव आणि मलपृष्ठ अक्षरन् अक्षर वाचून घ्या. आतल्या मजकुराचं मुद्रितशोधन तीनदा होतं आणि मुखपृष्ठाचं एकदाही होत नाही, ही तक्रार जुनी आहे आणि रास्त आहे.

गजबजलेल्या छायाचित्रावर शीर्षक ठेवून ते वाचता येईना म्हणून त्याला जाड कडा आणि सावली लावणं हा उपाय नाही. शीर्षकासाठी मोकळी जागा चित्रकाराकडून सुरुवातीलाच मागून घ्या.

छपाईतल्या चुका मोजक्याच असतात, पण महागात पडतात. पडद्यावरचा झगझगीत निळा आणि हिरवा चार शाईंच्या छपाईत उतरत नाही, म्हणून काम सीएमवायकेमध्ये, म्हणजे याच चार शाईंच्या रंगपद्धतीत, तपासा. चित्र प्रत्यक्ष छापायच्या आकारात ३०० डीपीआयचं (एका इंचात ३०० ठिपके) हवं, आणि कापणीसाठी चारही बाजूंनी साधारण ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कडेच्या बाहेर वाढवलेलं चित्र, ठेवा. कण्याची, म्हणजे पुस्तकाच्या पाठीच्या पट्टीची, रुंदी अंदाजाने धरू नका. २४० पृष्ठं म्हणजे १२० पानं, आणि कागद ०.१ मिलिमीटर जाडीचा असेल तर कणा १२ मिलिमीटरचा. शेवटच्या क्षणी पृष्ठं वाढली की हा हिशेब पुन्हा करायचा. बारकोड लाल रंगात छापू नका, कारण स्कॅनरचा प्रकाश बहुधा लाल असतो आणि लाल रेघा त्याला दिसतच नाहीत.

राहिला अभिप्राय. ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला ‘छान’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी मुखपृष्ठ तीन सेकंद दाखवा, बाजूला घ्या आणि विचारा, ‘पुस्तक कशाबद्दल असेल? कोण घेईल?’ हे घरच्यांना न विचारता, ते तुमच्या त्या पहिल्या वाक्यात बसणाऱ्या माणसांना विचारा. सगळेच एकसारखं चुकत असतील तर एखादा संकेत चुकीचा गेला आहे, आणि माझा अनुभव असा की तो बहुधा अक्षरांच्या वळणात किंवा रंगात सापडतो. चित्राला हात लावण्याआधी ते दोन बदलून पाहा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येत असेल, तर मात्र चित्रच संदिग्ध आहे आणि ते नव्याने निवडायला हवं.