ठणका थांबला म्हणून उपचार थांबवू नका : दातांच्या उपचारांतल्या या चुका टाळा

दाढेचा ठणका रात्री आडवं झालं की वाढतो. झोपल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, दाताच्या आतली नस आधीच सुजलेली असते, आणि भोवती टणक भिंत असल्यामुळे तिला फुगायला जागाच मिळत नाही. मग घरात लवंग शोधली जाते, सकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी येते, आणि चार-सहा दिवसांत ठणका थांबतो. घरातले म्हणतात, "बरं झालं, गेलं दुखणं." पण पुष्कळदा दुखणं गेलेलं नसतं, नस मेलेली असते. मेलेल्या नसेला कळ येत नाही. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतात, आणि काही महिन्यांनी त्याच दाढेपाशी हिरडीवर पुटकुळी येते किंवा एका रात्रीत गाल सुजतो.

दातांच्या बाबतीत वेदनेवर विसंबून निर्णय घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

मेडिकलवरून आणलेली अँटिबायोटिक

नसेच्या दुखण्यावर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग नाही. औषध रक्तातून पोचतं, आणि सडलेल्या नसेत रक्तपुरवठाच उरलेला नसतो. सूज पसरत असेल, ताप असेल, तरच ती लागते, आणि तेव्हाही दाढ उघडून पू बाहेर काढणं हाच खरा उपचार असतो. दोन दिवस गोळ्या घेऊन बरं वाटलं की सोडून द्यायच्या, महिन्याभराने पुन्हा त्याच आणायच्या, या सवयीने जंतू निबर होतात. वेदनेपुरतं पॅरासिटामॉल पुरतं. आयबुप्रोफेन जास्त गुणकारी आहे, पण मूत्रपिंडाचा त्रास, पोटात अल्सर, दमा, गरोदरपण किंवा डेंग्यूची शंका असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

अॅस्पिरिनची गोळी दाढेशेजारी दाबून ठेवू नका. ती हिरडी भाजते, पांढरं साल निघतं. लवंगेचं तेलही कापसावर एक थेंब घेऊन किडीच्या खड्ड्यातच लावायचं, हिरडीवर ओतायचं नाही. गाल सुजला असेल तर बाहेरून गरम पाण्याची पिशवी लावू नका, थंड शेक द्या. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरायला हरकत नाही. सूज जबड्याखाली उतरली, गिळताना त्रास होऊ लागला, तोंड उघडेना किंवा श्वास जड झाला, तर सकाळची वाट न बघता सरळ हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा.

रूट कॅनाल अर्धवट सोडणं

पहिल्या बैठकीत डॉक्टर दाढ उघडतात, नस काढतात, आत औषध ठेवतात आणि वरून पांढरं तात्पुरतं सिमेंट बसवतात. ठणका त्याच दिवशी जातो. मग लग्नसराई येते, मुलांच्या परीक्षा येतात, पुढची तारीख राहून जाते. हे तात्पुरतं सिमेंट काही आठवडेच टिकतं. चावून चावून ते झिजतं, कडेने लाळ आत झिरपते, आणि साफ केलेल्या नळीत जंतू पुन्हा घर करतात. सहा महिन्यांनी परत गेलात तर काम पहिल्यापासून करावं लागतं, आणि तोवर दाढेची भिंत खचली असेल तर तेही शक्य राहत नाही.

आता हे काम पूर्वीपेक्षा पुष्कळ सुकर झालं आहे. आरव्हीजी म्हणजे डिजिटल एक्स-रे काही सेकंदांत पडद्यावर दिसतो. नळीची लांबी अॅपेक्स लोकेटर मोजतो. निकेल-टायटॅनियमच्या लवचिक रोटरी फाइल्स वाकड्या मुळातूनही जातात. नळी सोडियम हायपोक्लोराइटने धुतली जाते आणि शेवटी गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरून बंद होते. बऱ्याच दाढांचं काम एका किंवा दोन बैठकांत होतं. पण यंत्रं कितीही चांगली असली तरी दोन गोष्टी विचारून घ्या. एक, रबर डॅम लावणार का? रबराचा हा पातळ पडदा दाताला लाळेपासून वेगळं ठेवतो, आणि बारीक फाइल घशात जाण्याचा धोकाही टळतो. दुसरी, सगळ्या नळ्या सापडल्या का? वरच्या पहिल्या दाढेत तीन मुळं असली तरी नळ्या पुष्कळदा चार असतात. चौथी अगदी बारीक असते आणि सुटली की वर्षभराने दाढ पुन्हा कुरकुरते. शंका असेल तर मायक्रोस्कोप किंवा सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन उपयोगी पडतो. तो सरसकट प्रत्येक दाढेला लागत नाही, हेही लक्षात ठेवा.

रूट कॅनालनंतर दोन-तीन दिवस चावताना दुखणं स्वाभाविक आहे. मात्र दात मिटले की तीच दाढ सगळ्यांच्या आधी टेकते असं वाटत असेल तर सहन करत बसू नका. रंगीत कागद चावायला देऊन उंच राहिलेला ठिपका घासून काढायला पाच मिनिटं लागतात.

कॅप "नंतर बघू" म्हणणं

रूट कॅनाल झालेली दाढ आतून पोकळ झालेली असते. किडीने आधीच बरीच भिंत खाल्लेली असते, वरून प्रवेशासाठी भोक पडतं, आणि नस नसल्याने जास्त जोर पडतोय हे तिला नीट जाणवतही नाही. आपल्या इंदूरच्या जेवणात तिची रोज परीक्षा होते. सकाळी पोह्यांवर सेव, थंडीत कडक तळलेले गराडू कंद, अधूनमधून सुपारी. एखादा टणक तुकडा नेमका दोन टोकांच्या मधोमध सापडला की दाढ लाकडासारखी उभी चिरते. चीर वरच्या भागात असेल तर वाचवता येते. मुळापर्यंत गेली तर दाढ काढण्याशिवाय इलाज नाही. म्हणून दाढेवर कॅप दोन-चार आठवड्यांत बसवा. पुढच्या दाताची भिंत शाबूत असेल तर मात्र नुसतं फिलिंगही पुरतं. अशा दाताला कुणी सरसकट कॅप सांगत असेल तर कारण विचारा.

कॅप झिरकोनियाची की मेटल-सिरॅमिकची, यावर लोक फार वेळ घालवतात. आमच्या मते कॅपची कड किती नेमकी बसली हे जास्त महत्त्वाचं. हिरडीपाशी फट राहिली तर महागडी कॅपही आतून किडते. तोंडात फिरवायच्या इंट्राओरल स्कॅनरने माप घेतलं तर मळमळ आणणारं साचेकाम टळतं, पण हिरडीतून रक्त येत असेल तर स्कॅनमध्येही कड अस्पष्ट येते. म्हणून आधी कीटण काढून हिरडी बरी करा, मग माप द्या. कॅप निघून हातात आली तर ती धुऊन डबीत ठेवा आणि लवकरात लवकर दाखवा. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने घरी चिकटवू नका, आणि सैल कॅप तोंडात ठेवून झोपू तर मुळीच नका.

दात काढल्यानंतरचे तीन दिवस

खड्ड्यात जमलेली रक्ताची गाठ म्हणजेच तिथली मलमपट्टी. कापूस अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरा, सारखा काढून बघू नका. पहिले २४ तास थुंकणं, जोराच्या चुळा, स्ट्रॉने शिकंजी आणि बिडी-सिगारेट बंद. ओढीने गाठ निघाली की हाड उघडं पडतं, आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. याला ड्राय सॉकेट म्हणतात. इथे गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, डॉक्टरांकडून खड्डा धुऊन औषधी पट्टी ठेवून घ्यावी लागते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. दाताचं रक्त दाबून थांबवता येतं, हृदयात अडकलेली गाठ तशी थांबवता येत नाही. आजींना हाडांच्या ठिसूळपणावर आठवड्याची गोळी किंवा सहा महिन्यांचं इंजेक्शन चालू असेल तर तेही आधी सांगा. या औषधांवर असताना दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, क्वचितच, पण असतो.

"दुधाचेच तर दात आहेत"

दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि खालच्या दाताची जागा राखतात. त्या लवकर काढल्या की शेजारचे दात सरकतात आणि पक्के दात वाकडे येतात. त्याहून मोठा घोटाळा सहाव्या वर्षी होतो. तेव्हा दुधाचा एकही दात न पडता सगळ्यात मागे पहिली पक्की दाढ उगवते. आई-बाबा तिला दुधाची समजतात, आणि आयुष्यभर टिकायची दाढ आठव्या-नवव्या वर्षी किडलेली सापडते. मुलाच्या सहाव्या वाढदिवसानंतर टॉर्च घेऊन मागे बघा. दाढ पूर्ण वर आली की तिच्या खाचांत सीलंट, म्हणजे कीड अडवणारा पातळ थर, भरून घ्या. सुई नाही, घासणं नाही, काम काही मिनिटांचं.

फिलिंगसाठी भूल दिली असेल तर ओठ दोन-तीन तास बधिर राहतो. मुलं गंमत म्हणून तो चावत राहतात आणि संध्याकाळी ओठ सुजतो. भूल उतरेपर्यंत खायला देऊ नका आणि लक्ष ठेवा.

चिमणबागेच्या मैदानावर चेंडू लागून पक्का दात मुळासकट बाहेर पडला तर घड्याळ चालू झालं असं समजा. दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती असेल तर काही सेकंद धुवा, घासू नका, आणि जमलं तर लगेच त्याच खड्ड्यात बसवून रुमाल चावायला द्या. जमत नसेल तर थंड दुधात टाका, सांचीच्या पिशवीतलं चालतं. रुमालात गुंडाळून किंवा नुसत्या पाण्यात बुडवून नेऊ नका, मुळावरच्या पेशी मरतात. अर्ध्या तासात पोचलात तर दात जगण्याची आशा चांगली असते. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

इम्प्लांट आणि अलाइनर

स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दाताला मुळासारखे धरणारे स्क्रू, बसवले. हाड टायटॅनियमला घट्ट धरतं, हे त्यामागचं तत्त्व. त्यासाठी साधारण तीन ते सहा महिने लागतात. "तीन दिवसांत दात" प्रत्येकाला जमत नाही, हाड किती भरीव आहे त्यावर ते ठरतं. साखर ताब्यात नसताना किंवा सिगारेट चालू असताना घाई केली तर स्क्रू ढिला पडण्याचा धोका वाढतो. आणि इम्प्लांटला कीड लागत नाही म्हणून घासायचं नाही, असं नाही. भोवतालचं हाड न दुखता झिजतं. रोज फटींत जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश फिरवा. कडेने रक्त दिसलं तर तीच सूचना समजा.

अलाइनर, म्हणजे दात सरळ करणारे पारदर्शक साचे, दिवसाला २० ते २२ तास लावायचे. गरम चहा पिताना काढा, नाहीतर आकार बिघडतो. जुना जोड टाकून देऊ नका, नवा हरवला तर तोच कामी येतो.

डाग घासून काढणं

धार-झाबुआकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने अनेकांच्या दातांवर पांढरे-पिवळे पट्टे असतात. ते आवरणाच्या आत असतात. मीठ, राख, लिंबू, मशेरी घासून पट्टे जात नाहीत, आवरण मात्र जातं आणि दात शिवशिवू लागतात. मायक्रोअॅब्रेजन (डॉक्टरांनी वरचा अगदी पातळ थर घासणं), ब्लीचिंग किंवा रेझिनचा उपचार करून घ्या. कीटण काढल्याने दात हलतात, हाही गैरसमज आहे. हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाने दात जखडून धरलेले असतात, ते निघाल्यावर खरी स्थिती दिसते.

न दुखणारा चट्टा

गुटखा, सुपारी, पाऊच खाणाऱ्यांनी महिन्यातून एकदा आरशासमोर स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालून बघावीत. पूर्वी जात होती आणि आता दोनच जात असतील, तिखट लागताच गाल जळत असेल, तर गाल आतून आखडू लागले आहेत. हा कॅन्सरच्या आधीचा टप्पा असू शकतो. गालात, जिभेच्या कडेला किंवा हिरडीवर पांढरा-लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर ती दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला ती बहुधा दुखतच नाही. शेजारी टोचणारा दात असेल तर तो घासून गुळगुळीत करून घ्या, आणि त्यानंतरही दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर बायोप्सीला, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासायला, हो म्हणा. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे. इंदूरला एमवाय हॉस्पिटलच्या भागातल्या सरकारी डेंटल कॉलेजमध्ये दाखवता येतं. जाताना किती वर्षांपासून काय खाता, कोणत्या गालात धरता, हे खरं खरं सांगा. डॉक्टर आधी तीच बाजू तपासतात.