गावच्या वाचनालयाचा इतिहास लिहायचाय? आधी दाखल रजिस्टर उघडा

आमच्या वाचनालयाचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा मी स्मरणिकांपासून सुरुवात केली आणि त्यात दोन महिने गेले. स्मरणिकेत उद्घाटनं, अध्यक्षांचे फोटो आणि आभार असतात. वाचणारी माणसं नसतात. ती मला दाखल रजिस्टरात भेटली. म्हणून पहिल्याच दिवशी ग्रंथपालांकडे ते मागा.

येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला तिथे ओळीने क्रमांक मिळतो. पुढे तारीख, लेखक, शीर्षक, किंमत, विकत घेतलं की देणगीत आलं, आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना अजिबात सोडू नका. आमच्याकडे दीडशेच्या वर पुस्तकांसमोर एकाच हस्ताक्षरात ‘भिजून बाद’ लिहिलेलं होतं. सभेच्या इतिवृत्तात त्याविषयी अवाक्षर नाही, फक्त ‘छपराच्या दुरुस्तीस मंजुरी’. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि तो पावसाळा डोळ्यांपुढे उभा राहिला.

दर वर्षी किती पुस्तकं दाखल झाली ते मोजून काढा. आकडा एकदम वाढला किंवा मध्येच खंड पडला, तर त्या वर्षाचं इतिवृत्त बारकाईने वाचा. मुलांचं पहिलं पुस्तक कधी आलं, पहिली स्त्री सभासद कधी झाली, हेही शोधा. या दोन तारखा मला कोनशिलेवरच्या तारखेपेक्षा मोलाच्या वाटतात.

मग कपाटांकडे वळा. जुन्या शिक्क्यांवरून संस्थेचं नाव कसं बदललं ते कळतं; आतल्या तारीखपट्टीवरून पुस्तक किती फिरलं ते. पाठीवरच्या दशांश वर्गांकावरून, म्हणजे विषयानुसार दिलेल्या क्रमांकावरून, मात्र पुस्तकाच्या आगमनाचं वर्ष ठरवू नका. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांची ती पद्धत १८७६ची असली, तरी जुन्या पुस्तकांवर असे क्रमांक कितीतरी वर्षांनी चढवले जातात. सालाचं पान फाटलं असेल तर मलपृष्ठ पाहा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दहा अंकीच असेल तर ती छपाई बहुधा २००७च्या आधीची. त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून तो तेरा अंकी झाला.

कागद जपा. जवळ पेन नको, पेन्सिलच ठेवा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडते आणि कागद खाते. फोटो खिडकीच्या उजेडात काढा; आधी वहीचं मुखपृष्ठ, मग पानं क्रमाने, नाहीतर घरी गेल्यावर कुठलं पान कुठल्या वहीतलं ते कळत नाही.

जुन्या वाचकांना ‘तेव्हा कसं होतं?’ असं विचारलं की ‘छान होतं’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, कपाटांची कुलपं कधी निघाली? स्वतः हाताने पुस्तक निवडायला कधी मिळालं? भारतातले ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या १९३१च्या पाच सूत्रांतलं पहिलंच सूत्र आहे, पुस्तकं वापरासाठी असतात. तुमच्या वाचनालयात ते कधी खरं झालं, तो दिवस शोधाच.

देवघेव रजिस्टरात कोणी काय वाचलं ते नावानिशी असतं. ती नावं छापू नका, माणूस हयात नसला तरी. वाचकाने ते वाचनालयाच्या विश्वासावर वाचलेलं असतं.

छापून झाल्यावर एक प्रत वाचन-टेबलावर ठेवा आणि तिच्या शेवटी दहा कोरी पानं बांधून घ्या. लोक चुका दाखवतील, राहिलेलं लिहितील. आमची सहा पानं पहिल्या महिन्यातच भरली, आणि त्यात एका शिक्क्याचं वर्ष मी चुकीचं दिल्याचं एका आजींनी पुराव्यासकट लिहिलं होतं.