कॉलेजसाठी परदेशी मिशनची मदत: आधी खातं, मग पत्र, मग पैसे

मुंबईचं विल्सन किंवा नागपूरचं हिस्लॉप कॉलेज उभं राहिलं तेव्हा स्कॉटिश मिशनच मालक होतं. आता कॉलेज असो वा सेमिनरी (पाळक घडवणारी शाळा), संस्था इथली, विश्वस्त इथले. परदेशी मिशन फक्त देणगीदार. कागदपत्रं चुकली तर भोगावं लागतं ते आपल्याच संस्थेला.

पहिलं काम एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणाऱ्या कायद्याखालची नोंदणी. २०१० च्या या कायद्याखाली नोंदणीसाठी संस्थेला किमान तीन वर्षं झालेली असावी लागतात आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर निदान १५ लाख रुपये खर्च झालेला दिसावा लागतो. अर्ज गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर, एफसी-३ए फॉर्ममध्ये. दर्पण क्रमांक (नीती आयोगाच्या पोर्टलवर स्वयंसेवी संस्थेला मिळणारा) आणि पदाधिकाऱ्यांचे आधार तयार ठेवा. कामाचा प्रकार निवडताना सेमिनरीने ‘शैक्षणिक’बरोबर ‘धार्मिक’ही निवडावा, नाहीतर पुढे पाळकांच्या प्रशिक्षणाचा खर्च प्रश्नात येतो.

संस्था नवी असेल तर एफसी-३बी भरून एका ठरावीक देणगीसाठी पूर्वपरवानगी मागता येते. तिच्यासाठी मिशनचं पत्र लागतं. ‘सेवाकार्यासाठी’ एवढंच लिहिलेलं पत्र कामाचं नाही. ‘ग्रंथालयाची पुस्तकं व कपाटं, इतके रुपये, दोन वर्षांत खर्च’ असं नेमकं लिहून मागा. मसुदा आपणच करून पाठवलेला बरा.

परदेशी पैसा उतरतो तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यात. तिथून खर्चासाठी आपल्या गावच्या बँकेत दुसरं एफसीआरए खातं ठेवता येतं. बहुतेक घोळ या दुसऱ्या खात्यात होतात: कुणीतरी विद्यार्थ्याची फी किंवा मंडळीचं (चर्चच्या सभासदांचं) दानार्पण तिथे भरतं. या खात्यात इथला एक रुपयाही जमा होता कामा नये. खात्यावरचं व्याज मात्र परदेशी अंशदानच (कायद्याच्या भाषेत परदेशी देणगी) धरलं जातं. ते काढून स्थानिक खात्यात टाकू नका. कॅशबुक, व्हाउचर सगळं वेगळं ठेवा आणि प्रत्येक बिलावर ‘एफसी’ शिक्का मारा.

२०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेला हा पैसा दुसरीला देता येत नाही, दोघींची नोंदणी असली तरी. म्हणून डायोसिस (बिशपचा धर्मप्रांत) किंवा मिशनच्या जुन्या ट्रस्टमार्फत पैसे मागवण्याची रीत सोडून द्या आणि कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्याच नावे थेट मागवा. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. शिक्षकांचे पगार त्यात मोडत नाहीत, कार्यालयाचे मोडतात.

परदेशातले मराठी ख्रिस्ती माजी विद्यार्थी द्यायला उत्सुक असतात. भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतली देणगी परदेशी धरली जात नाही. ओसीआय कार्डधारकाचा (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचा) पासपोर्ट परका, म्हणून देणगीही परदेशी. पावती फाडण्यापूर्वी पासपोर्टची प्रत घ्या.

मागायचं काय, याचा विचार प्रस्तावाआधी करा. मिशन सहज देऊ करतं ती जुनी पुस्तकं आणि पाहुणे प्राध्यापक. वस्तूही अंशदानच असतात, त्यांचीही नोंद लागते; पुस्तकांची यादी आधी मागवा, कालबाह्य आवृत्त्या नाकारायला संकोचू नका. पाहुण्याला पर्यटक व्हिसावर वर्ग घ्यायला लावू नका. याहून मोलाची मदत म्हणजे आपल्याच तरुण प्राध्यापकाच्या पीएचडीचा खर्च, तो परत येऊन शिकवील अशा लेखी करारासह.

पगार मागायचाच असेल तर उतरत्या क्रमाने मागा: पहिल्या वर्षी पूर्ण, मग ७५, ५०, २५ टक्के. उरलेला भाग फी आणि मंडळ्यांकडून कसा उभा राहील ते प्रस्तावातच लिहा. कायमनिधी, म्हणजे मूळ रक्कम न मोडता फक्त व्याजावर पगार चालेल असा निधी, हवा असेल तर हिशेब मांडा. दरमहा ४०,००० रुपयांच्या एका जागेला वर्षाला ४,८०,००० लागतात. ठेवीवर साडेसहा टक्के व्याज धरलं तर सुमारे ७४ लाख हवेत, पगारवाढ धरली तर आणखी. हा निधी शेअर किंवा म्युच्युअल फंडात टाकणं कायद्यात बसत नाही.

दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एफसी-४ हा वार्षिक हिशेबाचा फॉर्म भरा, रुपयाही आला नसेल तरी. नोंदणी पाच वर्षांची असते. नूतनीकरणाचा एफसी-३सी शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. मुदत संपली की नवे पैसे घेता येत नाहीत आणि खात्यातले खर्चही करता येत नाहीत. शिक्षकांचे पगार तिथेच अडकतात.