सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या

स्मृतिभ्रंश असलेल्या आजी-आजोबांना डॉक्टरांकडे नेताना नुसती फाईल पुरत नाही. घरातली सगळी औषधं पिशवीत भरा: उशाखालची पाकिटं, सर्दीची गोळी, खोकल्याचं औषध, डोळ्यांत घालायचे थेंब, वैद्यांचं चूर्णसुद्धा. कात्रीने कापलेल्या ज्या स्ट्रिपवर नावच उरलेलं नाही, तीही न्या.

मग थेट विचारा, यातल्या कशाने विसराळूपणा वाढतोय का? सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन, झोपेसाठी दिलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा अल्प्राझोलाम यांनी गोंधळ वाढू शकतो, तोलही जातो. एक जोडी मात्र खास तपासा. स्मरणशक्तीसाठीच्या डोनेपेझिलने कधीकधी लघवीची घाई होते. त्यावर दुसरे डॉक्टर ऑक्सिब्युटिनिन लिहून देतात, आणि ते डोनेपेझिलच्या नेमकं उलट काम करतं. एक गोळी पुढे ढकलते, दुसरी मागे ओढते, बिल मात्र दोन्हींचं!

आपल्या मनाने काही बंद करू नका. रोजचं अल्प्राझोलाम एकदम तोडलं तर फिट येऊ शकते. डॉक्टरांनाही एका वेळी एकच बदल करायला सांगा, आणि पुढचे २ आठवडे झोप, भूक, चालणं कॅलेंडरवरच टिपत जा.