मालकंसात शिरलेला पंचम

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या आमच्या मराठी घरात गाणं शिकायचं म्हणजे आधी बंदिश पाठ. गिटार हातात आली ती बरीच नंतर. मग आम्ही चौघांनी मालकंस रागात स्वतःचं पहिलं रॉक गाणं बांधायला घेतलं. तसं काही करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारा इफेक्ट) लावलं की कॉर्डमधला, म्हणजे एकत्र छेडलेल्या सुरांतला, गंधार (ग) गढूळ होतो, म्हणून रॉकवाले तो गाळून षड्ज-पंचमाचा (सा-प) पॉवर कॉर्ड, म्हणजे एक सूर आणि त्याचा पंचम एवढाच, वाजवतात. आलापाखाली मीही तोच धरला. काका दारातूनच म्हणाले, "अरे, मालकंसात पंचम कुठून आणलास?" खरंच होतं. या रागात रिषभ-पंचम वर्ज्य, तानपुरासुद्धा मध्यमावर लावतात. गाणारा चोख गात होता, राग मी बिघडवत होतो.

त्या रात्री सा ग म ध नि कागदावर मांडून बसलो. मध्यमावरच्या पॉवर कॉर्डमध्ये मध्यम आणि षड्ज, गंधारावरच्यात गंधार आणि निषाद, धैवताला गंधार, निषादाला मध्यम. चारही रागातच! एकट्या षड्जाचा जोडीदार तेवढा बाहेरचा. मग गिटारच तानपुऱ्यासारखी लावली. गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा सा, काळी एक (C#). सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या, त्यातली सर्वांत जाड आणि तिच्या शेजारची आणखी एकेक सूर खाली. आता जाड तीन तारा मोकळ्या छेडल्या तरी सा म सा. इतका आनंद मला कुठल्याच सोलोने दिलेला नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, तार ओढून निघते, पण ओढ कुठे थांबते ते आधी गळ्याने गाऊन बघा.

तालात वेगळीच गफलत झाली. तीनतालाच्या १६ मात्रा म्हणजे चार-चारचे चार बार, हे सोपं. पण मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) नवव्या मात्रेवरून उठत होता आणि ड्रमर पहिल्याच शब्दावर झांज मारायचा. वजन समेच्या, म्हणजे पहिल्या मात्रेच्या, शब्दावर यायला हवं. त्याला ठेका (तबल्याचे ठरलेले बोल) हातावर म्हणायला लावला. दहाव्या ते तेराव्या मात्रेपर्यंत डग्गा (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा) गप्प असतो, तिथे त्याने आपणहून किक ड्रम सोडला. मिनिटाला १२० ठोक्यांच्या क्लिकवर आवर्तन (१६ मात्रांची एक फेरी) ८ सेकंदांचं. त्यातल्या त्या दोन सेकंदांत खालून फक्त म-सा घुमत राहतं, आणि पुढे सम येते तेव्हा झांज, किक आणि गिटार एकदमच पडतात.